हरणाच्या शिकारीला कुठलं काडतूस? बॉक्सवरच्या आकड्यांचा अर्थ सोप्या भाषेत

नोव्हेंबर जवळ आला की पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसमोर हा विषय येतोच. ऑफिसातला कोणीतरी "यंदा डीअर कॅम्पला येतोस का", म्हणजे हरणाच्या शिकारीच्या मुक्कामाला, म्हणून विचारतो. मिशिगनमध्ये तर १५ नोव्हेंबर ही तारीख दगडावरची रेघ, त्या दिवशी अर्धा प्लांट रजेवर. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा सीझन उघडतो आणि खेड्यांकडच्या कित्येक शाळा पुढच्या सोमवारी चक्क बंद असतात. मग माणूस उत्सुकतेपोटी दुकानात जातो आणि काडतुसांच्या कपाटासमोर उभा राहून डोकं खाजवतो. .२४३, .२७०, .३०८, ३०-३०, ३०-०६, ६.५ क्रीडमूर, आणि त्यात परत प्रत्येकाचे १०० ग्रेन, १५० ग्रेन, सॉफ्ट पॉइंट, बाँडेड, कॉपर. हरीण एकच आणि एवढे प्रकार कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीवर लोक तासन्‌तास भांडतात, म्हणजे कॅलिबर (गोळीचा व्यास), ती हरणाच्या बाबतीत सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. गोळी हरणाच्या अंगात शिरल्यावर कशी उघडते आणि तुम्ही ती कुठे मारता, खरा खेळ तिथे आहे. ते का, तेच खाली सांगतोय.

आणि हो, हे सगळं अमेरिकेबद्दल चाललंय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, चितळ, सांबर, कळवीट, भेकर कशालाही हात लावलात तर सरळ जेल, त्यामुळे गावाकडच्या काकांना हा लेख फॉरवर्ड करून "बघा आपल्याकडे पण" असलं काही करू नका.

काडतुसात असतं काय

काडतूस म्हणजे चार वस्तूंचं एक पाकीट. बाहेर पितळेची नळकांडी, तिला केस म्हणतात. तिच्या बुडाला मधोमध एक छोटी टिकली बसवलेली असते, ती प्रायमर, चाप ओढला की रायफलची पिन तिच्यावर आपटते आणि ठिणगी पडते. केसच्या पोटात दारू, म्हणजे बारूद, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बाहेर उडते ती फक्त गोळी, बाकी पितळ तिथेच राहतं आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढला की टण्‌कन पायाशी पडतं.

एवढं कळलं की दुकानातला निम्मा गोंधळ संपतो, कारण बॉक्सवरचं नाव हे काडतुसाच्या मापाचं असतं आणि त्याच नावाच्या काडतुसात वेगवेगळ्या बनावटीच्या पाच-सात गोळ्या मिळतात. लोक नाव बघून बॉक्स उचलतात, बनावट बघतच नाहीत.

आकडे वाचायचे कसे

नावांना काही शिस्त नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. .३०८ विन्चेस्टरमधला ३०८ म्हणजे गोळीचा व्यास इंचात, साधारण ७.८ मिलीमीटर. ३०-०६ मध्ये ३० हा व्यास पण ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन लष्कराने ते काडतूस त्या वर्षी घेतलं म्हणून. ३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे मूळ काडतुसात किती ग्रेन बारूद होती ते. आणि ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं, त्यात ६.५ हे मिलीमीटर. गंमत म्हणजे .३०८ आणि ३०-०६ या दोन्हीच्या गोळीचा व्यास तंतोतंत सारखा, फरक केसच्या लांबीत, एक ५१ मिलीमीटर आणि दुसरी ६३, म्हणजे ३०-०६ मध्ये बारूद जरा जास्त मावते. हरणाला हा फरक कळत नाही.

ग्रेन हे वजनाचं माप. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे १५० ग्रेनची गोळी साधारण ९.७ ग्रॅमची, एक तोळ्याहून कमी. बॉक्सवर लिहिलेले ग्रेन हे गोळीचं वजन असतं, बारुदीचं नाही, इथे भलेभले चुकतात.

तिसरा आकडा वेग. एक नमुन्याचा बॉक्स घ्या: .३०८ विन्चेस्टर, १५० ग्रेन, सॉफ्ट पॉइंट, २० काडतुसं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक तक्ता असतो. नळीच्या तोंडाशी वेग साधारण २८२० फूट प्रति सेकंद, १०० यार्डांवर २५०० च्या आसपास, २०० वर २२०० च्या जरा खाली आणि ३०० वर जेमतेम १९००. खाली ऊर्जेची ओळ, फूट-पौंडात, तोंडाशी २६४८ आणि ३०० यार्डांवर १२०० च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. सगळे लोक पहिला आकडा वाचतात. कामाचे आकडे उजवीकडचे आहेत, कारण हरीण तुमच्या नळीच्या तोंडाशी उभं नसतं.

हरीण पडतं ते कशाने

सिनेमात गोळी लागली की माणूस दहा फूट मागे उडतो. खोटं आहे ते. साधं फिजिक्स बघा, गोळीत जेवढा रेटा असतो तेवढाच रेटा रायफल तुमच्या खांद्याला उलटा देते, किंबहुना थोडा जास्तच, कारण बारुदीचा वायूही पुढे जातो. गोळीने हरीण उडणार असेल तर तुम्ही आधी उडायला हवं. तुम्ही जागेवर असता, म्हणजे धक्क्याने काही होत नाही.

हरीण मरतं ते रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय फाटलं की रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. ते काही सेकंद महत्त्वाचे, कारण तेवढ्यात नीट लागलेलं हरीणसुद्धा ५०-१०० यार्ड धावतं, झाडीत दिसेनासं होतं, आणि नवखा माणूस नेम चुकला समजून घरी जातो. जायचं नसतं. ते जिथे उभं होतं तिथे जाऊन त्याच्या अंगावरचे केस, रक्त शोधायचं, साधारण अर्धा तास थांबायचं आणि मग माग काढायचा. इथेच गोळीचा विषय येतो: आरपार गेली तर दोन भोकं, दोन भोकं म्हणजे जमिनीवर जास्त रक्त आणि माग काढणं सोपं. "गोळी आतच थांबली पाहिजे म्हणजे सगळी ऊर्जा हरणाला मिळते" हे वाक्य तुम्ही काउंटरवर ऐकाल. मला ते पटत नाही, नोव्हेंबरच्या संध्याकाळी साडेचारला अंधार पडताना ओल्या पानांवर रक्ताचा थेंब शोधला असेल त्या माणसालाही पटणार नाही.

व्हाइटटेल हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीत, साधारण ८ इंच व्यासाची जागा ही कामाची. म्हणून तर लोक सरावाला जेवणाची कागदी प्लेट झाडाला नाही, मातीच्या बांधाला लावतात. ज्या अंतरावर तुमची प्रत्येक गोळी त्या प्लेटमध्ये बसते ते तुमचं अंतर, मग बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो.

गोळीची बनावट, म्हणजे छत्रीचा हिशोब

संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर बंद छत्री घेऊन गर्दीत शिरा. छत्री सरळ निघून जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. तीच उघडलीत तर वाट रुंद होते, दोन्ही बाजूंची माणसं ढकलली जातात, तुमचा वेग कमी होतो पण पोचता पलीकडे. आता फुटपाथवरची शंभर रुपयांची छत्री असेल तर पहिल्याच माणसाला अडकून काड्या मोडतात, कापड फाटतं आणि तुम्ही पुलाच्या सुरुवातीलाच अडकता. गोळीचं अगदी हेच आहे.

बंद राहणारी छत्री म्हणजे फुल मेटल जॅकेट. शिशाची गोळी पूर्ण तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेली, लष्कर वापरतं ती. स्वस्त असते, म्हणून नवखे विचारतात की हीच का नको. कारण ती हरणातून सुईसारखं भोक पाडून निघून जाते, हरीण खूप लांब पळू शकतं आणि नंतर कुठेतरी मरतं. बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती कायद्यानेच बंद आहे. इतिहासातला विरोधाभास बघा, लष्करासाठीची उघडणारी गोळी १८९० च्या दशकात आपल्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी बनवली, एवढी बदनाम झाली की १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात उघडणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. माणसावर जी चालत नाही ती हरणासाठी सक्तीची. ऐकायला विचित्र वाटतं, पण शिकारीत हेतू लवकर मारण्याचाच असतो, जखमी करून सोडणं हाच तिथे गुन्हा.

पटकन मोडणारी छत्री म्हणजे कोल्हे, प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांसाठीची पातळ जॅकेटची गोळी. बॉक्सवर 'व्हार्मिंट' लिहिलेलं असतं. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती फुटून चुरा होते, वरवर भयानक जखम आणि आत फुप्फुसापर्यंत काहीच नाही. ही गोळी .२४३ मध्ये सर्रास मिळते, आणि .२४३ हरणाला कमी पडतं अशी जी बदनामी आहे त्यातली बरीचशी या चुकीच्या बॉक्समुळे आहे असं मला वाटतं. त्याच .२४३ मध्ये ९५-१०० ग्रेनची हरणाची गोळी घाला, काही तक्रार येत नाही.

मधल्या छत्र्या कामाच्या. साधी सॉफ्ट पॉइंट, टोकाला शिसं उघडं ठेवलेलं, लागली की टोक दबतं आणि गोळी अळंबीसारखी फुलते. शंभर वर्षांहून जास्त काळ हरणं याच गोळीने पडतायत आणि पूर्वेच्या जंगलात आजही हीच पुरते. मग पॉलिमर टिप, टोकाला प्लॅस्टिकचं रंगीत टोपण, हवेत कमी अडते आणि लांबवर वेग टिकवते. बाँडेड म्हणजे शिसं आणि जॅकेट आतून जोडलेलं, हाडावर लागलं तरी वेगळं होत नाही. नॉस्लर पार्टिशन ही १९४८ पासूनची, गोळीच्या आत मधोमध एक आडवी भिंत, पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहून आत घुसतो. आणि पूर्ण तांब्याची गोळी, जिच्याबद्दल पुढे वेगळं बोलायचंय.

छत्रीला उघडायला थोडा जोर लागतो तसा गोळीला वेग लागतो. साध्या शिशाच्या गोळ्या साधारण १८०० फूट प्रति सेकंदाच्या खाली गेल्या की नीट फुलत नाहीत, तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना २००० च्या आसपास लागतो, नेमका आकडा कंपनी देते. आता वरचा तक्ता परत बघा, .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर १९०० ला आली होती. म्हणजे ऊर्जा शिल्लक असली तरी गोळी उघडायच्या काठावर आलीय. अंतराची खरी मर्यादा इथे असते, ऊर्जेत नाही.

"मग सगळ्यात मोठीच घेऊ की, एकदाचं काम"

आपल्याकडची ही सवय, फ्रीज घेताना पण मोठा. .३०० विन्चेस्टर मॅग्नम १९६३ चं काडतूस, एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावरासाठी छान आहे, लांबच्या डोंगरातल्या शिकारीला छान आहे. पण त्याचा धक्का .२४३ च्या अडीच-तीन पट. पहिल्या पाच गोळ्यांत खांदा दुखतो, सहाव्यापासून शरीर आपोआप दचकायला लागतं, डोळा मिटतो, चाप झटक्यात ओढला जातो आणि गोळी प्लेटच्या बाहेर. इथे याला फ्लिंच म्हणतात आणि एकदा लागलेली ही सवय सुटता सुटत नाही. ७०-८० किलोच्या व्हाइटटेलला पोटात लागलेल्या मॅग्नमपेक्षा फुप्फुसात लागलेली .२४३ केव्हाही बरी. शिवाय जवळून मॅग्नम मारली तर पुढच्या दोन्ही फऱ्यांचं मटण रक्ताळून फुकट जातं, आणि बरेच लोक शिकार करतात ती मटणासाठीच.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी .३०८, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर यातलं काहीही सांगेन, बारीक अंगाच्या माणसाला किंवा पोराला .२४३. घरात सासऱ्यांची ३०-०६ पडून असेल तर नवीन काही घेऊच नका, १५० ग्रेनचा एक बरा बॉक्स आणा. ६.५ वर "फॅड आहे" म्हणून हसणारे खूप भेटतील, आणि तिची पूजा करणारेही. धक्का कमी, वाऱ्यात कमी वाहते, एवढं खरं. पण १०० यार्डांच्या आतल्या झाडीत .३०८ आणि ६.५ मधला फरक हरणाला तर सोडाच, तुम्हालाही कळणार नाही.

३०-३० ची गोळी बोथट का असते

हा छोटा मुद्दा आहे पण त्यातून कळतं की काडतूस रायफलपासून वेगळं काढून निवडता येत नाही. जुन्या काउबॉय पद्धतीच्या लिव्हर अ‍ॅक्शन रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी भरतात, म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल आणि रायफलीला धक्का बसला तर नळीतच बार उडू शकतो. म्हणून ३०-३० ची गोळी चपट्या तोंडाची. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, सुरुवातच २३९० फुटांनी होते, त्यामुळे हे दीडशे यार्डांच्या आतलं काडतूस. पण कंपन्या त्याची गोळी मुद्दाम मऊ बनवतात, कमी वेगातही फुलावी म्हणून, आणि १८९५ पासून ते पूर्वेच्या जंगलात व्यवस्थित काम करतंय. आता नरम रबरासारख्या टोकाच्या, नळीतही चालणाऱ्या टोकदार गोळ्याही मिळतात, पण बॉक्सवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

आधी राज्याचा कायदा बघा, मग दुकान

इथे आपले एडिसन-आयसलिनवाले फसतात. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसांची, चालतच नाही. शॉटगन, तोंडाकडून भरायची मझललोडर, किंवा धनुष्यबाण. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की रायफल चालते. कारण सोपं आहे, ३०-०६ ची गोळी वर तिरकी सुटली तर तीन मैलांपर्यंत जाऊ शकते आणि न्यू जर्सीत तीन मैलांत किती घरं येतात ते तुम्हीच मोजा.

ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग अशा सपाट, वस्तीच्या मुलखात मधला मार्ग निघाला, सरळ भिंतीच्या केसचं काडतूस. .३०८ ची केस वर बाटलीसारखी निमुळती होते, पोटात बारूद जास्त आणि वेग जास्त. सरळ केस लिपस्टिकच्या डबीसारखी एकसारखी, गोळी जाड, वेग कमी आणि गोळी लवकर मंदावते. ओहायो आणि मिशिगनने २०१४ मध्ये याला परवानगी दिली, इलिनॉयने २०२३ पासून एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलीला. विन्चेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड आणलं ते याच गिऱ्हाइकासाठी. .४५० बुशमास्टर जास्त जड आणि खांद्याला जास्त लाथ मारणारं.

कोलोरॅडोचा नियम मला आवडतो कारण त्यात सगळा विषय एका ओळीत येतो: हरणासाठी कमीत कमी .२४ कॅलिबर, उघडणारी गोळी, कमीत कमी ७० ग्रेन, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. इंग्लंडमध्येही मोठ्या हरणांसाठी असंच, .२४० कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड. घराघरात असते ती .२२ रिमफायर (छोटं काडतूस, पिन बुडाच्या कडेवर आपटते) बहुतेक सगळीकडे हरणासाठी बंद आहे आणि असायलाच हवी.

एच-वन-बीवाल्यांसाठी वेगळी ओळ. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे इमिग्रंट नसलेल्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे, आणि त्यातला एक मोठा अपवाद म्हणजे राज्याचं वैध शिकार लायसन्स. म्हणजे लायसन्स आधी, बॉक्स नंतर, उलट नाही. लायसन्स संपलं तर काय याचं उत्तर मित्राला न विचारता वकिलाला विचारा, इथे चूक झाली तर विषय काडतुसाचा राहत नाही, ग्रीन कार्डचा होतो.

शिसं की तांबं

हा सध्याचा सगळ्यात तापलेला वाद. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण सुटतात, डोळ्याला न दिसणारे, आणि जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या मटणाची पाकिटं सीटी स्कॅनखाली घातली तेव्हा हे लोकांच्या नजरेस आलं आणि फूड पँट्रींमधून ते मटण काढून घेतलं गेलं. जंगलात सोडून दिलेलं आतडं-कोथळा गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्निया काँडर हे तिथलं अजस्र गिधाड, १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते, आणि रानात सोडलेल्या काँडरच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण शिशाची विषबाधा हेच आहे. आपल्याकडे गिधाडं गेली ती गुरांच्या डायक्लोफेनॅकमुळे, ते जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं. इथे गोळी. मेलेल्या जनावरात काय राहतं त्याचा हिशोब शेवटी गिधाडालाच चुकवावा लागतो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसं पूर्ण बंद केलं, डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांतही.

"आजोबांपासून खातोय, कोणाला काही झालं नाही" हा ठरलेला आक्षेप. मोठ्या माणसाला लगेच काही दिसत नाही हे खरंय, पण लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाहीच. घरात तीन वर्षांचं पोर असेल आणि खिमा करणार असाल तर माझ्या मते चर्चा संपली, तांबं घ्या. निदान जखमेच्या आजूबाजूचं मांस हातभर काढून टाका आणि ते खिम्याच्या यंत्रात घालू नका, कारण यंत्र ते कण सगळ्या खिम्यात सारखे पसरवतं.

दुसरा आक्षेप, तांबं महाग. हो, बरंच. पण शिकारीच्या एका सीझनला हरणावर झाडता एक किंवा दोन गोळ्या. तिसरा आक्षेप, तांबं उघडत नाही. जुन्या काळी थोडं खरं होतं, आता वेग सांभाळला तर उघडतं, चार पाकळ्या होतात आणि वजन जवळजवळ सगळं शिल्लक राहतं. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच ग्रेनची गोळी लांब होते, म्हणून एक पायरी हलकी घ्यायची: .३०८ मध्ये शिशाची १५० घेत असाल तर तांब्याची १३० घ्या, वेग वाढतो आणि ती नीट फुलते.

नळीवरचा शिक्का

रायफलीच्या नळीवर, बहुतेक वेळा मागच्या टोकाजवळ, काडतुसाचं नाव कोरलेलं असतं. ते आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का अक्षरशः जुळला पाहिजे. "बसतंय की" हा निकष नाही. .३०० ब्लॅकआउट हे .२२३ च्याच केसवरून बनवलंय, एकाच मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या डबीत, दोन्ही बसतात, आणि ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत घुसून उडालं तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल तुमच्या तोंडासमोर फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवा.

आणि एकाच रायफलीला सगळे बॉक्स सारखे आवडत नाहीत. एका कंपनीच्या १५० ग्रेनच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील, दुसऱ्या कंपनीच्या त्याच १५० ग्रेनच्या चार इंच पसरतील, का ते नेमकं सांगता येत नाही, नळीची थरथर, गोळीची लांबी, बरंच काही असतं. म्हणून दोन-तीन प्रकारचा एकेक बॉक्स आणून कागदावर मारून बघायचं, जो जमला त्याचे चार-पाच बॉक्स एकदमच घ्यायचे. २०२०-२१ मध्ये दुकानं रिकामी झाली होती तेव्हा लोकांनी मिळेल ते उचललं आणि जुन्या सेटिंगवरच शिकारीला गेले. गोळी बदलली की नेम हलतो, रायफलीवरची दुर्बीण परत जुळवावीच लागते. १०० यार्डांवर जुळवलेली .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० वर साधारण चार इंच खाली आणि ३०० वर पंधराएक इंच खाली लागते, म्हणजे ८ इंचाच्या प्लेटच्या पूर्ण बाहेर.

"पण मारायचंच कशाला?"

हा प्रश्न आईच्या फोनवर येतोच. पूर्वेकडे लांडगे आणि कुगर माणसाने कधीच संपवले, हरणांना खाणारं फारसं कोणी उरलं नाही, ती जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात आणि रस्त्यावर गाड्यांखाली येतात. सरकार दरवर्षी किती मारायची ते टॅग, म्हणजे परवान्याच्या चिठ्ठ्या, देऊन ठरवतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. एवढं सांगूनही आईला पटणार नाही, आणि न पटण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तुम्हाला स्वतःला पटत नसेल तर कॅम्पला जाऊन नुसता चहा प्यायला तरी कोणी ना म्हणत नाही.

सीझन संपल्यावर: पुण्याचं विमान

काडतुसं कोरड्या, थंड जागी कुलपात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात, बेसमेंटच्या दमट कोपऱ्यात नको. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, आणि रायफलीपासून वेगळी.

धोका दुसरीकडेच असतो. नोव्हेंबरमध्ये कॅम्पला नेलेली बॅकपॅक डिसेंबरमध्ये सुट्टीला भारतात जाताना परत भरली जाते. बाजूच्या जाळीच्या कप्प्यात किंवा आतल्या अस्तराच्या फटीत एक काडतूस राहिलेलं असतं. अमेरिकेत हातातल्या बॅगेत काडतूस चालत नाही, दंड होतो, पण कधी कधी ते तिथून निसटतं. मग मुंबई किंवा दिल्लीला देशांतर्गत विमानासाठी परत स्कॅनर येतो आणि तिथे एका जिवंत काडतुसावरही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, पोलीस स्टेशन, जप्त पासपोर्ट, वकील. अनेकांचे असे गुन्हे पुढे हायकोर्टात रद्द झालेत, जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून, पण तोपर्यंत सुट्टी आणि परतीचं तिकीट दोन्ही गेलेलं असतं. शिकारीची बॅग वेगळीच ठेवा. ते जमणार नसेल तर निघायच्या आदल्या रात्री सगळे कप्पे उघडून बॅग उलटी करून झटका, जॅकेटचे खिसेही तपासा, नारिंगी जाकिटाच्या आतल्या खिशासकट.